पदराखालचा सौदा

संयोगितानं आपली कडबाकुट्टी विकायला काढली आणि वैरण कापायच्या त्या मशीनची जाहिरात मोबाईलवर टाकली, तेव्हा किंमत अठरा हजार अशी ठळक लिहिली होती. तरी येईल तो एकच विचारायचा, "लास्ट कितीला?" मोटर कशी आहे, पातं कधी बदललं, याची कुणाला पडलेली नव्हती. एकानं तर पाच हजारात आत्ता उचलतो म्हणून कळवलं. तिनं त्याला 'मग पातं तेवढं न्या' असं उत्तर पाठवलं आणि हसत हसत गोठा झाडायला घेतला.

मशीन तिची होती. दुधाच्या बिलातून चार-चार पैसे बाजूला टाकून तिनं ती घेतलेली. आता म्हशींना मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या वैरणीच्या, तयार पिशव्या येत होत्या, त्यामुळं मशीन कोपऱ्यात धूळ खात पडली होती. आणि तिला हवी होती स्कूटर. पलीकडच्या गल्लीतल्या अनुजा मॅडम त्यांची जुनी स्कूटर विकत होत्या. संयोगिताला त्यात पंधरा हजार कमी पडत होते, आणि मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, आज संध्याकाळपर्यंत थांबते, उद्या दुसरं गिऱ्हाईक आहे.

स्कूटर मिरवायला नको होती. नवरा पृथ्वीराज ट्रकवर, सदा बाहेरगावी. दोन किटल्या दूध डेअरीत पोचवायचं तर थोरल्या दिराच्या, उदयसिंहाच्या, मोटारसायकलीवर मागं बसावं लागे. आणि उदयसिंह म्हणजे सावकाश माणूस. धार काढून किटल्या दारात ठेवून ती उभी राहायची, आणि आतून आवाज यायचा, "पाच मिनटं थांब गं." त्या पाच मिनिटांत चहा व्हायचा, पेपर व्हायचा, फोनवर कुणाच्या तरी बैलाची चौकशी व्हायची. डेअरी बंद व्हायच्या बेतात हे दोघं पोचणार आणि मापाडी तोंड वाकडं करणार, तेही तिच्याकडं बघून. लग्न होऊन आल्यापासून आपलं निम्मं आयुष्य या उंबऱ्यात किटल्या धरून गेलं, असं तिला वाटायचं आणि डोकं तापायचं.

बिद्रीहून कृष्णात नावाचे गृहस्थ मशीन बघायला टेम्पो घेऊन आले, तेव्हा उदयसिंह बोलावल्यासारखे हजर झाले. पृथ्वीराजानंच ट्रकमधून थोरल्या भावाला फोन केला होता, आण्णा, सौद्याला तू बस. जशी काही मशीन आण्णानंच पुसून-तेल घालून सांभाळली होती.

कृष्णातनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि गिऱ्हाइकाच्या धर्माला जागून खोड काढायला सुरुवात केली.

"मोटर जरा घरघरतीया की."

"वरीसभर बंद हाय, मग आळस देणारच," संयोगिता म्हणाली.

"आणि हे तोंडावरचं पत्र्याचं झाकण कशाला? उगा अडचण. काढूनच टाकाय लागणार."

ते झाकण संयोगितानं मुद्दाम बसवून घेतलं होतं, वैरण सारताना हात पात्यापर्यंत जाऊ नये म्हणून. ती सांगायला तोंड उघडणार तोवर उदयसिंह मधे पडले.

"संयोगिता, चहा टाक जा. बोलतो मी."

ती चहा टाकायला गेली, पण कान बाहेर ठेवून. टेम्पोत पुढं एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. कृष्णातची बायको, चिमणाबाई. तिला कुणी उतर म्हटलं नव्हतं. संयोगितानं पहिला कप तिलाच नेऊन दिला. तिनं कप डाव्या हातानं घेतला, पण नजर मशीनवरच, नेमकी त्या झाकणावर.

परत येते तो अंगणात खेळ मांडलेला. उदयसिंहांनी खांद्यावरचा टॉवेल काढून कृष्णातच्या हातावर टाकला होता आणि आत दोघांची बोटं चालली होती. जनावरांच्या बाजाराची ही रीत. टॉवेलखाली बोटं दाबून भाव करायचा, म्हणजे बघणाऱ्याला आकडा कळत नाही. उदयसिंहांची हयात बैलबाजारात गेलेली. त्यांनी घरातला फ्रीजसुद्धा टॉवेलखालीच घेतला होता. पण बाजारात चार दलाल कान लावून असतात, इथं अंगणात ऐकायला होतं कोण? एक संयोगिता. म्हणजे जिची मशीन, तिच्यापासूनच भाव लपवायचा!

"झालं!" टॉवेल कट्ट्यावर टाकत उदयसिंह म्हणाले. "आगं, हे आमच्या सासुरवाडीच्या भावकीतलं निघालं. घरचंच पावणं. बारात देऊन टाकलं."

"बारा?"

"मग? पावण्याचा मान नको ठेवाय?"

तिच्या हातातला ट्रे तिनं कट्ट्यावर ठेवला. आदळलाच म्हणा. सासुरवाडी आण्णांची, पावणे आण्णांचे, मान आण्णांचा, आणि तीन हजार तेवढे तिचे. पंधरापैकी तीन गेले म्हणजे स्कूटर गेली. म्हणजे परत उंबरा, परत किटल्या, परत पाच मिनटं.

"मान तुमच्या खिशातनं ठेवा, आण्णा. मशीन माझी हाय. बारात न्हाय जायची."

"शब्द गेलाय माझा!"

"तुमचा गेलाय. माझा अजून घशातच हाय."

उदयसिंहांचा चेहरा लाल झाला. पावण्यासमोर भावजयीनं असं बोलावं? पण तिनं नजर खाली घेतली नाही. इतकी वर्षं घेतली होती, तेवढी पुष्कळ झाली. तिनं कट्ट्यावरचा टॉवेल उचलला आणि कृष्णातसमोर धरला.

"करा माझ्यासंगं सौदा."

कृष्णात दोन पावलं मागं सरकले. परक्या बाईचा हात टॉवेलखाली धरायचा? तेही दिरादेखत? "न्हाय बा, आमच्यात असलं चालत न्हाय," ते पुटपुटले आणि टेम्पोकडं वळून ओरडले, "चल गं, दुसरीकडं बघू!"

टेम्पोचं दार उघडलं. पण चिमणाबाई निघायला नव्हे, उतरायला उठली होती. ती सरळ मशीनपाशी आली. झाकणाखालच्या तोंडात तिनं हात घालून बघितला. हात पात्याच्या अलीकडंच अडला. तिनं मान डोलावली.

"दुसरीकडं न्हाय जायचं. हेच पायजे," ती म्हणाली. "आणि पैसं माझ्या पिशवीत हायती."

मग तिनं आपला पदर सोडून पुढं धरला. "ये पोरी. आपुन करू."

दोन्ही पुरुष बघत राहिले. संयोगितानं पदराखाली हात घातला आणि भाव सांगायला तिची बोटं मुठीत धरली, तेव्हा तिला कळलं. मधलं बोट पेरापासून नव्हतंच. तिनं वर बघितलं.

"जुन्या मशीननं घेतलं," चिमणाबाई हळूच म्हणाली. "तिला झाकण नव्हतं. ह्यास्नी त्याची अडचण वाटती, मला न्हाय. बोट अर्धं हाय, पर भाव करताना पुरं धर. दया नगं."

संयोगितानं ते अर्धं बोट पुरं धरलं. दया नको म्हणाली ना, मग तिनं दया केली नाही. अख्खा पंजा तीनदा दाबला आणि वर तीन बोटं. अठरा. चिमणाबाईनं पंजे दोनच केले आणि वर तीन बोटं. ही बाई पक्की होती, दिरापेक्षा आणि नवऱ्यापेक्षाही. संयोगिता सतरावर आली, चिमणाबाई चौदावर. पदर हलत होता, दोघींच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. शेवटी संयोगितानं पंजा तीनदा दाबला, आणि तिसऱ्यांदा दाबून तसाच धरून ठेवला. याच्या खाली नाही. चिमणाबाईनंही पंजा तीनदा दाबला. पंधरा. सौदा ठरला.

पिशवीतलं पुडकं पाठमोरं होऊन दिलं-घेतलं गेलं. अनुजा मॅडमची स्कूटर पदराखालीच संयोगिताची झाली.

"कितीला झालं?" कृष्णातनी बायकोला विचारलं. उदयसिंहही कान टवकारून पुढं आले.

चिमणाबाईनं पदर खोचला. "रुमालाखालचा आकडा बाहेर सांगतात व्हय, पावणं? चला, मशीन उचला. दोघंबी लागा."

आणि दोघं लागले. काय करतात!

संध्याकाळी धारा झाल्या. किटल्या दारात आल्याचा आवाज ऐकून उदयसिंह आतून नेहमीसारखं ओरडले, "पाच मिनटं थांब गं."

बाहेर स्कूटरचा आवाज आला आणि लांब गेला. ते चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर उंबऱ्यात संयोगिता नव्हती, किटल्याही नव्हत्या.