वॉटीचा डावा बूट

मी एक जुना फुटबॉलचा बूट आहे, आणि तोही डावा. खिळ्याला टांगलेला आहे म्हणून मी निवांत असेन, असे समजू नका मित्रांनो. दारावरून कुणी साधा दगड लाथाडत गेले, तरी माझ्या अंगाला कंड सुटते.

मी स्कॉटलंडच्या फाइफ भागातल्या, कोळसाखाणीच्या एका गावातला. वॉटी केर्न्सने मला मुद्दाम एक नंबर लहान घेतले. नवे बूट घालून तो गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसला आणि आम्ही त्याच्या पायावरच वाळलो. आमच्याकडे सगळे खेळाडू असेच करत. आठवडाभर तो खाणीत राबे आणि शनिवारी दुपारी मैदानाच्या डाव्या कडेने सुसाट सुटे. गोल मीच मारायचो. उजवा बिचारा तोल सांभाळायला होता!

एकदा नव्या वर्षाचा सामना सोमवारी आला. तो पाहायला ग्लासगोच्या एका मोठ्या क्लबचा माणूस येणार होता. वॉटीला खाणीतून सुटायचे होते, कारण त्याचे वडील तिथून परत आलेच नव्हते. पण शनिवारी आम्ही चिखलात पार भिजलो. रविवारी वॉटीची आई, एल्स्पेथबाई, घरात सुईलाही हात लावू देत नसत. म्हणून वॉटीने शनिवारीच घाईघाईने आम्हाला शेगडीला टेकवून ठेवले. सकाळी आम्ही लाकडासारखे कडक!

"आई, चरबी चोळायला हवी गं. नाहीतर उद्या तडकतील."

"आज देवाचा वार आहे. मेल्या, अक्कल काय खाणीत ठेवून आलास?"

"आता जन्मभर तिथंच ठेवतो."

चर्चमधून आल्यावर बाईंनी खिडकीचा पडदा ओढला, मटणाची चरबी घेतली आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला चोळत बसल्या. त्या रडत होत्या. देवाला भिऊन, की मुलगा जाणार म्हणून, ते मला कळले नाही.

सोमवारी आम्ही दोन गोल केले आणि वॉटी ग्लासगोला गेला. तिथे त्याला नवे बूट मिळाले, मी खिळ्यावर आलो. पुढे तो स्कॉटलंडकडून खेळला, मग इंग्लंडमधल्या क्लबात गेला. शेजारी येऊन सांगत, "एल्स्पेथबाई, तुमच्या पोरानं काल नुसता धुरळा उडवला!" मी तिथे नव्हतो, म्हणून माझा जळफळाट होई.

मग एका सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. बदली खेळाडू उतरवायची सोय नव्हती. जखमी माणसाला कडेला उभे करून तसेच खेळवायचे, ही रीत. लोक ओरडले, "पळ, वॉटी, पळ!" आणि तो पळाला. पुढच्या शनिवारीही पळाला.

परवा तो काठी टेकत घरी आला. त्याने मला हातात घेतले.

"आई, हा अजून मऊ कसा गं?"

"दर शनिवारी चोळते त्याला. तुझ्या गुडघ्याकडे तिथं कुणी पाहिलं नाही का रे?"

वॉटीने काठी टेकत उठून मला पुन्हा खिळ्यावर टांगले.

मित्रांनो, मला अजूनही पळायचे आहे, अगदी आत्ता. पण चामडे पुन्हा मऊ करता येते, गुडघा नाही. म्हणून मैदानात कुणी लंगडताना दिसला, तर 'पळ' म्हणून ओरडू नका. आत जा आणि त्याला हाताला धरून बाहेर आणा.