उभ्यानं घेतलेली काठी

कटाळा आलाय बघा मला. सकाळी शाळेत पोरांना पीटी, संध्याकाळी शिवाजी पेठेतल्या तालमीत बायकांना मर्दानी खेळातली काठी, आणि घरी आलं की आबांशी भांडण. आबा म्हणजे माझे वडील, गणपतराव, तालमीचे वस्ताद. भांडण कशावरनं? तर गुडघ्यांवरनं!

माझ्या बायका सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. जिना चढताना कठड्याला धरणाऱ्या. त्यांना मी पवित्रा उंच ठेवायला शिकवलं. गुडघा जरासाच वाकवायचा, वळताना त्याला पीळ द्यायचा न्हाय, पाय उचलून ठेवायचा. काठी काय भिंगरीगत फिरवत्यात! पण आबांचं एकच, "खाली बसल्याबिगर पवित्रा न्हाय."

त्यात आमच्या तालमीची रीत. खंडेनवमीला नव्या शिष्यानं गुडघा टेकून वस्तादाच्या हातनं काठी घ्यायची. त्याबिगर त्याला कुणी तालमीतला म्हणत न्हाय. गेल्या साली माझ्या बायकांतल्या धोंडुबाईनं टेकला. वस्तादापुढं दुखतंय म्हणायचं नसतं, म्हणून बिचारी गप बसली आणि पुढं महिनाभर भिंतीला धरून चालली. यंदा मी आधीच सांगितलं, "आबा, बायका उभ्यानं घेतील."

"मग मी देणार न्हाय."

म्हणजे वर्षभर घाम गाळून ह्या बायकांनी रिकाम्या हातानं घरी जायचं. रडूच आलं मला. पण भांडायचं तरी किती?

नवमीला आबा हट्टानं मांडी घालून पूजेला बसले. आरती झाली. काठ्या पुढ्यात घेऊन म्हणाले, "टेका." एकही बाई हलली न्हाय. रागानं आबा उठायला गेले, आणि उठताच येईना. एक हात जमिनीवर, एक पाटावर, तोंड लालबुंद. सगळ्यांनी नजर दुसरीकडं वळवली. वस्तादाला हात द्यायचा नसतो, ही पण रीतच की!

पण माझा बाप हाय तो. मी वाकून विचारलं, "कधीपासनं?"

"लई वर्सं झाली."

डोकंच फिरलं माझं. "म्हाईत होतं, तरी धोंडुबाईला बसवलासा?"

आबांनी मान वर केली न्हाय. "मला आजवर कुणी उठा म्हटलं न्हाय, पोरी. मी कुणाला म्हणू?"

मग धोंडुबाईच पुढं आली. आबांच्या काखेत हात घातला आणि म्हणाली, "उठा वस्ताद. आधी पाय लांब करा, गुडघ्यावर जोर देऊ नगा. तुमच्याच पोरीनं, क्रांतीनं शिकवलंय मला."

दुसऱ्या बाजूनं मी धरलं. आबा उठले, धापा टाकत जरा वेळ तसेच उभे राहिले.

धोंडुबाईला काठी गेल्याच साली मिळालेली. तरी आबांनी पहिली तिच्याच हातात दिली, उभ्यानं.