पिवळं बूच

शनिवारी संध्याकाळी बाबा व्हरांड्यात बसून बुचाला रंग देत होते. बाटलीचं साधं बूच आणि नेहमीचा पिवळा रंग. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत याच रंगानं त्यांनी जंगलातल्या वळणावळणावर बाण काढले होते. धबधब्याकडे जाणारा माणूस आता वाट चुकत नव्हता. गाव त्यांना बाणवाले म्हणायचं. मोजणी खात्यातली चौतीस वर्षं लोक साफ विसरले होते.

"उद्या येतेस?"

मुलगी ग्रंथपाल. पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "बघू."

"तू वर बंधाऱ्यावर थांबायचं आणि घड्याळ बघून हे पाण्यात टाकायचं. मी खाली धबधब्याशी झेलतो. एकट्यानं जमत नाही गं. मी टाकतो नि पळत सुटतो, पण बूच माझ्याआधी पोचतं. त्याचं वय कमी!"

"नदी थांबवणाऱ्या त्या थांबबुवापायी लोकांना खुळं राहायचंय तर राहू द्या ना, बाबा. तुम्हाला कशाला ही उठाठेव?"

"खुळं राहीनात का. पण पाणी सोडायच्या आधी वाजणारा वरचा भोंगा वाजेनासा झालाय, आणि खाली पोरं कोरड्या डोहात उतरतात."

"बघू म्हटलं ना."

दर शनिवारचं हेच उत्तर होतं. बाबांनी बूच खिडकीत वाळत ठेवलं आणि हात पुसले. सकाळी ती उठली तेव्हा ते निघून गेले होते. बूच खिडकीतच होतं.

पुढचं तिला चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं. तिनं ते जुळवलं ते असं.

धबधब्याखाली त्या दिवशी हजारभर माणसं होती. कड्यावर थांबबुवा काठी उगारून उभा होता. सव्वाअकराच्या सुमाराला तो गरजला, "ए बये, थांब! लेकरं आलीत तुझी, थांब!" धबधबा कोसळतच होता. "तिला ऐकायला जरा कमी येतं," बुवा म्हणाला आणि लोक हसले. "पण माझं ऐकते. घरच्या बायकोनं नाही ऐकलं, हिनं ऐकलं!" दोन मिनिटांत धार बारीक झाली, तिची दोरी झाली, दोरीचा दोरा झाला आणि पाणी थांबलं. हजार गळ्यांतून एकच आरोळी उठली. माणसं पोराबाळांसह उघड्या पडलेल्या डोहात उतरली. त्यातला गोटा उशाशी ठेवला की दुखणं जातं, असं बुवा सांगायचा.

बाणवाले त्या गर्दीत शिरून ओरडत होते, "बाहेर व्हा! पाणी सुटणार आहे!" कुणी ऐकेना. त्यांनी एका बाईचं मूल उचललं आणि काठाकडे धावले.

"पोर पळवतोय म्हातारा!"

मूल हिसकावलं गेलं. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज काठावर ऐकू आला. मग लाथा, मग गोटे, तेच दुखणं घालवणारे. दात तुटून रक्ताबरोबर वाळूत पडले. तेवढ्यात बुवानं हाक दिली, "या रे वर! निंदकाचं काय करायचं ते नदी बघेल." सगळे निमूट वर आले. बाणवाले दोन्ही हातांनी अंग ओढत काठाकडे सरकत होते. हजार माणसं बघत होती.

पाणी भिंतीसारखं आलं.

पोलिसांच्या कागदावर 'पाय घसरून मृत्यू' असं लिहिलं गेलं. इस्पितळातली डॉक्टरीण दर रविवारी बाबांबरोबर जंगलात हिंडायची. त्या रविवारी नेमकी तिची कामाची पाळी होती. तिनं मुलीला बाजूला घेतलं. "गुडघा पाण्यानं मोडलेला नाही. काठीचा वळ आहे. मी लेखी दिलंय. तुला रडायचं असलं तर रड."

मुलगी रडली नाही. तिनं बाबांची वही काढली. पाच रविवारच्या नोंदी होत्या: वर दार बंद अकराला, खाली नदी थांबली अकरा सतराला, सोळाला, अठराला. शेवटची ओळ अशी होती: 'पाण्याला वरून खाली यायला किती वेळ? बूच टाकून बघणे (मुलगी आली तर).'

ती ओळ तिनं एकदाच वाचली.

गुरुवारी दोघी बाणांच्या मागं मागं बंधाऱ्यावर चढल्या. धबधब्यापासून अर्ध्या तासाची चढण. पावसाळा सरला की नदीचं सगळं पाणी तिथल्या एका लोखंडी दारातून जायचं. दाराच्या चाकाशी चौकीदार बसला होता.

"रविवारी जाळीत अडकलेला पालापाचोळा काढायचा असतो," तो म्हणाला. "अकराला दार पाडतो, पंचवीस मिनिटांनी उचलतो. तेवीस वर्षं झाली. थांबबुवा पूर्वी इथंच होता, जाळी साफ करायला. तेव्हा साधा होता हो. मग त्याला साक्षात्कार झाला."

"आणि भोंगा?"

"तोच म्हणाला, भोंग्यानं नदी बिथरते. भक्त आहे मी त्याचा. बंद केला." मग जरा ओशाळून म्हणाला, "एकदा तो चमत्कार डोळ्यांनी बघायचाय बघा. पण रविवारी मला सुट्टीच मिळत नाही!"

डॉक्टरणीनं तिच्याकडे पाहिलं. चमत्कार करणारा माणूस समोर बसला होता आणि त्यालाच तो बघायला मिळत नव्हता.

दोघींनी घड्याळं जुळवली. मुलगी खाली गेली, डॉक्टरणीनं ठरल्या मिनिटाला बूच टाकलं. धबधब्याच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभं राहून मुलीनं पिवळा ठिपका येताना पाहिला आणि झेलला. सतरा मिनिटं.

वर येऊन तिनं वही चौकीदारापुढं ठेवली. त्यानं बोटानं आकडे वाचले, पुन्हा वाचले.

"म्हणजे नदी मी थांबवतो?"

"हो."

"आणि त्या रविवारी... सोडली पण मीच?"

तिनं वही मिटली. त्यानं लोखंडी चाकावर कपाळ आपटलं. रक्त आलं तरी आपटत राहिला. डॉक्टरणीनं त्याला पाठीमागून मिठी मारून धरलं.

पुढच्या रविवारी त्यानं तेवीस वर्षांत पहिल्यांदा पाळी बदलली. जोडीदाराला सांगितलं: दार अकरा वीसला पाड, आणि पंचवीस मिनिटांनी उचलायच्या आधी भोंगा वाजव.

सव्वाअकराला बुवा गरजला, "ए बये, थांब!"

धबधबा कोसळत राहिला. बुवा पुन्हा गरजला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला. "कुणीतरी पापी आलाय इथं!"

"मी आलेय," मुलगी खडकावर चढून म्हणाली. "बाणवाल्यांची मुलगी. नदी अकरा सदतीसला थांबेल. हात वर करायचीसुद्धा गरज नाही."

"खाली ओढा हिला!"

एक गोटा तिच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. दुसऱ्या डोळ्यानं ती घड्याळ बघत राहिली. बाबांचंच घड्याळ होतं ते.

अकरा सदतीसला धार बारीक झाली. दोरी झाली. थांबली.

आणि ज्यानं गोटा मारला होता तोच पुढं आला आणि तिच्या पायांवर कोसळला. "आई, चुकलो! आई, क्षमा कर!" त्याच्यामागं दहा जण, वीस जण.

आयुष्यात ती पहिल्यांदाच ओरडली. "पाय सोडा! मी ग्रंथपाल आहे! वर बंधारा आहे, त्याला दार आहे, ते बंद केलं की सतरा मिनिटांनी इथलं पाणी संपतं. एवढंच!"

"खरंय," कपाळाला पट्टी बांधलेला चौकीदार म्हणाला. उघड्या पडलेल्या कड्याकडे तो डोळे फाडून बघत होता. "दार मी पाडतो. मीच." आणि तोंड झाकून हुंदके देऊ लागला.

 मग काठ्या बुवाकडे वळल्या. त्याला कड्यावरून ओढून डोहात आणलं, डोकं फुटलं, एक हात विचित्र वाकला. "मार! मार!" तोच घोळका, त्याच काठ्या.

वरून भोंगा वाजला. लांब, घोगरा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. माणसं काठाकडे पळाली. बुवा वाळूत पडून राहिला, एका हातानं अंग ओढत.

हजार माणसं बघत होती. मुलगी खाली उतरली. तिनं बुवाला काखेत धरलं आणि ओढू लागली. डॉक्टरीण धावली, मागून चौकीदार. तिघांनी त्याला वर घेतलं.

"ह्याचा न्याय कोर्टात होईल," धापा टाकत ती काठ्यावाल्यांना म्हणाली. "आणि तुमचाही. माझ्या बाबांना तुम्ही असंच मारलंत. गेल्या रविवारी बुवाचं ऐकलंत, मघाशी माझ्या पाया पडलात. माझंही ऐकू नका. वर काय आहे ते बघायला तुमच्यातला एकही जण चढला नाही. अर्ध्या तासाची वाट आहे. बाण काढलेत. जा आणि बघा."

कुणी हललं नाही. मग ज्या बाईचं मूल बाबांनी उचललं होतं, ती त्याला कडेवर घेऊन पहिल्या पिवळ्या बाणाकडे चालू लागली. तिच्यामागं एकजण. मग आणखी काही.

पाणी आलं. बाबा जिथं सरकत होते ती वाळू एका झटक्यात बुडाली. मुलीनं खिशातलं बूच मुठीत घट्ट धरलं. आवाज इतका होता की शेजारी उभ्या डॉक्टरणीलाही ऐकू गेलं नसतं, म्हणून ती मोठ्यानं म्हणाली,

"येते, बाबा. उद्या नक्की येते."