काळ्या पेल्यातला मध

आमच्या भावोजींना द्राक्षांतलं एवढंच कळतं की ती वेलीला लागतात. बाकीचं ज्ञान त्यांनी विमानात बसून वाचलेलं आहे. ताईशी लग्न करून ते आमच्या वाइनच्या धंद्यात आले, तेव्हा अंगावर एक भारी कोट होता आणि तोंडात चार परदेशी शब्द. कोट आता जुना झालाय. शब्द मात्र नवे येतच असतात.

यंदा तोडणी कधी करायची हे बाबांनी त्यांच्यावर सोपवलं आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. आमची द्राक्षं पांढरी, पण वास गुलाबाचा. हा वास काही आकाशातून पडत नाही. लिनालूल, जिरॅनिऑल अशी द्रव्यं सालीत साठत जातात, आणि तीच गुलाबातही असतात. मी सांगितलं होतं, घडांभोवतीची पानं काढा, वारा खेळू द्या, आणि पावसाच्या आधी तोडा. भावोजी म्हणाले, अजून थोडी साखर भरू दे. साखर भरली आणि पाऊसही आला. घड दिवसच्या दिवस ओले राहिले, मणी फुटले, आणि खालच्या उतारावरच्या वेलींवर करडी बुरशी चढली. हात लावला की धुळीसारखी उडायची. तिच्या मागोमाग फुटक्या मण्यांवर हिरवी बुरशी आली.

चूक झाली की माणसानं गप्प बसावं. भावोजींनी चुकीचं बारसं केलं. म्हणे ही ‘राजबुरशी’. परदेशात लोक हिची वाट बघतात, हिच्यामुळे वाइनला मधाचा आणि जर्दाळूचा वास येतो. यातला वैताग असा की हे खोटं नाही. सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असेल तर तीच करडी बुरशी मण्यांना नीट सुकवते आणि मधाचा वास आणते. पण पावसानं फुटलेल्या घडावर ती गुलाब मोडून खाते. सोबत हिरवी असली तर मागं उरतो ओल्या मातीचा, बंद खोलीत कुजलेल्या पोत्यांचा वास. तो आंबवून जात नाही आणि गाळूनही जात नाही. चिमूटभर असला तरी टाकीभर कळतो. हे सगळं मी जेवताना समजावून सांगितलं. भावोजी नाकानं कांदे सोलत म्हणाले, तू जरा व्यापक विचार करायला शिकलं पाहिजेस.

त्या घडांची वाइन वेगळ्या टाकीत ठेवली, एवढं तरी माझं ऐकलं. पण आंबवून झाल्यावर भावोजींनी नवीन टूम काढली. ती टाकी चांगल्या टाकीत मिसळायची. वाइनला खोली येईल म्हणे. कसली खोली? अडगळीची. मिसळली असती तर वर्षभराचा सगळा गुलाब एका दुपारी मातीत गेला असता, आणि बाटलीवर आमच्या आजोबांचं चित्र असतं.

मिसळायचं की गटारात सोडायचं, हे आमच्याकडे एकाच नाकावर ठरतं. बाबांच्या. तळघरात दगडी टेबल आहे. त्यावर काळ्या काचेचे पेले ठेवतात, म्हणजे रंग बघून नाकानं फसू नये. बाबा पीत नाहीत, फक्त हुंगतात, आणि ते बोलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. हा नियम आजोबांपासूनचा. त्या टेबलाशी बाबांनी भल्याभल्या जाणत्यांचं नाक कापलेलं मी लहानपणी पाहिलंय. मला ते नकटी म्हणायचे, अजूनही म्हणतात. घरातलं सगळ्यात तिखट नाक नकटीला मिळालं, हा विनोद त्यांना कधीच कळला नाही.

आणि त्यांचं स्वतःचं नाक केव्हाच गेलं होतं.

बाबांना मागं ताप आला होता, त्यानंतरची गोष्ट. दूध उतू जाऊन, करपून पातेल्याचा कोळसा झाला, आणि बाबा शेगडीच्या शेजारी पेपर वाचत बसलेले. मी धावत येऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ते म्हणाले, गार वारा येतोय, लाव त्या. मी लावल्या आणि काही बोलले नाही. मला वाटलं, आता हा माणूस स्वतःहून बाजूला होईल. पण नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तळघरात, पुन्हा डोळे मिटून लांब श्वास, पुन्हा निकाल. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला किळस आली. वाटलं, एवढा मोठा माणूस आणि एवढं छोटं सोंग.

भावोजींना याचा सुगावा माझ्याइतकाच लवकर लागला. अशा बाबतीत त्यांचं डोकं चालतं. तेव्हापासून ते जिन्यावर सासऱ्यांचा कोपर धरून उतरायला लागले. उतरता उतरता कानाशी एखादा शब्द सोडायचे, आणि खाली गेल्यावर बाबा नेमका तोच शब्द उच्चारायचे. कधी लिंबाची साल, कधी ओलं गवत. दोघांचा संसार छान चालला होता.

त्या टाकीचा निकाल लागायचा होता त्या दिवशी पेले मी भरले. ताई, भावोजी, बाबा आणि मी, असे चौघंच होतो. जिन्यावर भावोजी मधाबद्दल बोलल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. ताईलाही आलं असणार, पण नवऱ्याचं न ऐकण्याची सवय तिनं फार आधी लावून घेतलीये.

बाबांनी पेला उचलला. डोळे मिटले, श्वास घेतला. तो इतका सुंदर घेतला की क्षणभर मीच फसले.

“मध,” ते म्हणाले. “आणि मागून जर्दाळू. मिसळा.”

आता भावोजींनी पेला नाकाशी नेला. त्यांना नाक आहे, हेच तर दुखणं. त्यांच्या कपाळावर आठी पडलेली मी बघितली. पेल्यात गुलाब होता, आमचा निखळ गुलाब. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही ती वाइन नव्हे असं म्हणावं, तर ती वाइन कशी घाण मारते हे आपल्याला ठाऊक आहे अशी कबुली होते. त्यांनी जरा विचार केला आणि स्वतःला शोभेल तेच केलं.

“अगदी बरोबर, बाबा. शुद्ध मध.”

ताईनं हुंगलं आणि पेला हळूच खाली ठेवला.

“ही चांगल्या टाकीतली आहे,” मी म्हणाले. “चारही पेले. बुरशीचा यात थेंब नाही.”

भावोजींनी लगेच तापमानाबद्दल काहीतरी सुरू केलं. बाबांनी हात वर केला तसे ते थांबले. बाबांनी चष्मा काढला, नाकावरचे वळ चोळले.

“दूध करपलं तेव्हापासून तुला माहितीये ना?”

मी हो म्हणाले.

“माझं नाक आता चष्मा ठेवण्यापुरतं उरलंय, नकटे. हे तू मला तेव्हाच सांगायचंस. मी आज जिना उतरलोच नसतो.”

“तुम्हीही सांगू शकला असता.”

“कुणाला? या घरात माझ्या आधी कुणी बोलत नाही.”

माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं धारदार, कित्येक महिने घासून ठेवलेलं. ते मी गिळलं. त्यांनी आपला पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, आता तू आधी बोल. मी सांगितलं, गुलाब आहे, थोडी संत्र्याची साल आहे, आणि दुसरी टाकी सोडून द्यायला हवी. त्यांनी मान हलवली. भावोजी म्हणाले, आपल्यालाही आधी तसंच वाटलं होतं. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी टाकीचा नळ उघडला. बुरशीनं पांढरी वाइन लालसर तपकिरी झाली होती. मोरीच्या दिशेनं ती वाहायला लागली आणि ओल्या पोत्यांचा वास तळघरभर पसरला. ताई तोंड फिरवून जिना चढून गेली. भावोजींनी रुमाल काढून नाकाला लावला. मधाला कुणी रुमाल लावत नाही, हे मी त्यांना तोंडावर ऐकवलं, आणि तेही वर गेले.

बाबा मोरीच्या तोंडाशी उभे राहिले, अगदी जवळ, वाकून.

“फार घाण येतेय का?” त्यांनी विचारलं.

“फार.”

“मग तू जा वर. मी थांबतो, मला काही त्रास नाही.”

टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. मी नाक न दाबता त्यांच्या शेजारी उभी राहिले.