घसरून पडली

जव्हारच्या बाजारपेठेतल्या त्या छोट्या खासगी दवाखान्याची बाकं सकाळी दहापर्यंत भरून जात. नाचणीची कापणी सुरू झाली की विळ्याने कापलेली बोटं घेऊन माणसं येत, थंडी वाढली की खोकला घेऊन. जयवंती तिथे बारा वर्षं परिचारिका होती. पट्टी बांधण्याआधी केसपेपर भरायचं काम तिचंच. नाव, गाव, वय, आणि दुखापत कशी झाली. या शेवटच्या प्रश्नाला बायकांची उत्तरं ठरलेली असत. पाण्याला जाताना घसरले, गायीने ढुशी दिली, ओट्यावरून पडले. नवरा किंवा सासू दारात उभी असे. जयवंती मान खाली घालून लिही, ‘घसरून पडली.’

दंडावर चार बोटांचे वळ घसरून उठत नाहीत, हे तिला कळत होतं. पण विचारायचं तर पोलीस आले, जबाब आला, आणि शेवटी बाई त्याच घरात परत जाणार. घरातलं घरात मिटवायचं, ही गावोगावची रीत होती आणि ती चांगली मानली जात होती.

अशाच एका सकाळी, दोन वर्षांपूर्वी, रांगेत तिची स्वतःची वहिनी बसलेली दिसली. ममताने मनगट पदराखाली धरलं होतं. शेजारी जयवंतीची आई, हिराबाई. जयवंतीचा थोरला भाऊ, म्हणजे ममताचा नवरा तुळशीदास, शाळेत शिक्षक होता. सगळे एकाच घरात राहत. आदल्या संध्याकाळी जयवंती ड्युटीवर असताना भाकरी करपली, मारायला एवढंच कारण झालं होतं.

केसपेपर पुढे आला तेव्हा हिराबाई हळूच म्हणाली, “लिव ना बाय नेहमीचा. तुझा भाऊस हाय तो. मास्तरचा नाव खराब होईल.”

जयवंतीने ममताकडे पाहिलं. ममता भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होती. जयवंतीने नेहमीचं लिहिलं.

प्लास्टर निघालं तशी ममता मुलीला, प्रगतीला घेऊन साखरशेतला माहेरी गेली. आठव्या दिवशी तिचे वडील, ढवळू, तिला जीपने घेऊन परत आले. जावयासमोर ते हात जोडून बसले, पोरगी जरा तोंडाळ आहे म्हणाले. पुढच्या दिवाळीत ममताच्या कानाचा पडदा फाटला. तेव्हाही जयवंतीने तेच लिहिलं, तेव्हाही ढवळूंनीच तिला परत आणून सोडलं. त्यानंतर ममताला उजव्या बाजूने ऐकू येत नसे. हाक मारली आणि तिने ओ दिली नाही, तर ते मारण्याचं नवं कारण झालं.

या जानेवारीत वर्तमानपत्रात एक छोटी बातमी आली. तालुक्यात मारहाणीचे गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा घटले होते. तुळशीदासने ती जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. मुंबई-ठाण्याकडे रोज खून पडतात, आपल्याकडे बघा कशी शांतता आहे, असं तो कौतुकाने म्हणाला. ममता त्याच्या ताटात भात वाढत होती. जयवंतीने घास तसाच खाली ठेवला. त्या एका वर्षात किती जणींच्या केसपेपरवर तिने ती ओळ लिहिली होती, ते ती मनात आठवू लागली आणि मध्येच तिने आठवायचं थांबवलं.

मार्चमध्ये एका दुपारी तुळशीदास स्वतःच ममताला रिक्षातून दवाखान्यात घेऊन आला. डोक्याला मागून मार होता. ती बेशुद्ध होती. डॉक्टरांनी लगेच नाशिकला हलवायला सांगितलं. जयवंती गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्र्यंबकच्या अलीकडे ममताचा श्वास थांबला.

संध्याकाळी ममताला घेऊन ते दवाखान्यात परतले तेव्हा तिचा केसपेपर कोराच होता. तुळशीदास रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मोरीत पाय घसरला, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. हिराबाईने जयवंतीचे दोन्ही हात धरले.

“सून तर गेलीच,” ती म्हणाली. “आता पोरगा पण घेशील काय माझा?”

“आई, मी आधी दोनदा खोटं लिहिलं,” जयवंती म्हणाली. “तिसऱ्यांदा नाही लिहिणार.”

तिने डॉक्टरांना पोलिसांना कळवायला सांगितलं. तुळशीदासला त्याच दिवशी नेलं. पुढच्या आठवड्यात जबाब देताना तिने मनगटाचं सांगितलं, कानाचं सांगितलं, आणि ते दोन्ही केसपेपर आपल्याच हाताने खोटे भरले हेही सांगितलं. यात तुमच्यावरही येईल, असं पोलिसांनी तिला समजावलं. तिने ते कबुलीचं वाक्य वगळू दिलं नाही. दवाखान्यातून तिला तूर्त घरी बसायला सांगितलं गेलं. हिराबाईने तिच्याशी बोलणं सोडलं. शेजारणी म्हणत, असली बहीण कोणाला नसावी.

प्रगतीला ढवळू घेऊन गेले होते. महिन्याभराने जयवंती साखरशेतला गेली. ढवळू ओट्यावर बसून टोपली विणत होते. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. काय काय लिहिलं, केव्हा लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून. ते मान खाली घालून ऐकत राहिले. हातातली बांबूची पट्टी तेवढी थांबली.

मग त्यांनी विचारलं, “पयल्या वेळी खरा लिवला असता, तर माझी पोर जगली असती काय?”

काय सांगता येतं, असं म्हणून सुटता आलं असतं. जयवंती म्हणाली, “जगली असती, बाबा.”

ढवळूंनी टोपली बाजूला ठेवली. आत प्रगती मामाच्या पोरांबरोबर पाढे म्हणत होती. त्या आवाजाकडे कान देऊन ते थोडा वेळ बसले, मग खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला.

“चल,” ते म्हणाले. “माझा पण जबाब घ्यायला सांग. दोन डाव ती पाया पडली माझ्या, नको धाडू म्हणत होती. मीच नेऊन सोडली. ता पण लिवून घेऊ दे त्यांना.”