आमचे पाहुणे

बेसमेंटमध्ये फोडणी द्यायची नाही, ही सुहासिनीकाकूंची पहिली अट. एका मराठी बाईने दुसऱ्या मराठी बाईला घातलेली. मला आधी वाटलं, बाई गंमत करून राहिली. म्हणून मी हसले. काकू हसल्या नाहीत.

"वास कार्पेटमध्ये बसतो गं," त्या म्हणाल्या. "उद्या घर विकायचं झालं तर गोऱ्या माणसांना चालत नाही. उकडून खायचं. पोटातल्या बाळालाही चांगलं."

त्या कार्पेटमध्ये बसायला जागा शिल्लक होती कुठे? आधीच तिथे तीस वर्षांची ओल बसलेली होती. सकाळी पाय टेकवला की मोजा दमट व्हायचा. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी होती, तिच्यावर काकूंनी दिनदर्शिका टांगलेली. बाथरूमच्या जाळीत आधीच्या भाडेकरूंचे केस होते. ते मी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून काढले आणि सकाळचा चहा तिथेच बाहेर आला. पाचवा महिना होता, पण त्या उलटीचा दोष मी पोरावर टाकणार नाही.

मी उमा. नागपूरची. नवरा नंदन कॉम्प्युटर इंजिनिअर, आणि दोन हजार नऊच्या सप्टेंबरात आम्ही कॅनडात उतरलो तेव्हा पक्के इमिग्रंट म्हणून उतरलो, कागदपत्रांसकट. पहिले आठ दिवस नंदनचा मित्र जयदीप याच्या अपार्टमेंटमध्ये काढले. तो नोकरी मिळून एडमंटनला निघून गेला आणि जाताना त्यानेच हे वॉन नावाच्या गावातलं घर सुचवलं. आपली माणसं आहेत, म्हणाला. काका-काकू बहात्तर साली पुण्याहून आलेले. काकांचं नाव बाळ. सत्तरी ओलांडलेला, रिटायर झालेला इंजिनिअर माणूस, आणि सगळं गाव त्याला बाळ म्हणतं.

भाडं साडेसातशे, रोख. कागद नाही. "आपल्यात कसला कागद करायचा, नंदनराव," काका म्हणाले, आणि आम्हाला ऐकून बरं वाटलं. परक्या मुलखात कोणी 'आपल्यात' म्हटलं की माणूस पाघळतो. पहिल्या महिन्याचे पैसे नंदनने एका पांढऱ्या लिफाफ्यात घालून दिले. काकांनी नोटा काढून घेतल्या आणि लिफाफा परत दिला. "पुढच्या महिन्याला होईल," म्हणाले. पुढच्या महिन्याला तोच लिफाफा, त्याच्या पुढच्याही महिन्याला तोच.

दुसरी अट अशी की पत्ता कोणाला द्यायचा नाही. टपाल त्यांच्या पेटीत यायला नको. का, ते विचारलं तर काकू म्हणाल्या, पोस्टमन गोंधळतो. त्यामुळे बँकेच्या वहीत आमचा पत्ता जयदीपच्या सोडलेल्या अपार्टमेंटचाच राहिला. हीटरचा काटा वरच्या मजल्यावर, प्लास्टिकच्या पेटीत, कुलपात. किल्ली काकूंच्या मंगळसूत्राला, सेफ्टी पिनेत अडकवलेली. नंदनला काकांनी स्वतःचा जुना विंटर जॅकेट वीस डॉलरला दिला. त्याच्या खिशात वापरलेला, वाळून कडक झालेला टिश्यू निघाला. नंदनने तो टाकला आणि जॅकेट घातला, कारण पहाटे साडेपाचला गोदामात जायचं होतं. इंजिनिअर माणूस तिथे खोकी उचलायचा. ऑफिसातल्या नोकरीसाठी कॅनडाचा अनुभव पाहिजे होता, खोक्यांसाठी लागत नव्हता.

पण काकू प्रेमळ होत्या हो, असं सगळं मराठी मंडळ म्हणायचं. मंडळाच्या दिवाळीला त्या आम्हाला गाडीतून घेऊन गेल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून भेटेल त्याला सांगत सुटल्या, "हे आमचे पाहुणे." मला इतकं भरून आलं की मी वाकून नमस्कार केला. घरी परतताना मंडळातलं उरलेलं श्रीखंड काकूंनी डब्यात घालून आणलं. पाच दिवसांनी, त्याला फ्रीजचा वास आल्यावर, ते खाली आमच्याकडे आलं. डबा धुऊन परत मागितला.

माझ्या बोलण्याचीही त्यांना मौज वाटायची. "काकू, मी भाजी चिरून राहिली," असं म्हटलं की त्या तोंडाला पदर लावायच्या. "चिरतेय म्हणावं गं. 'करून राहिली, येऊन राहिली', हे काय ते?" वर पाहुणे आले की मला बोलावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "उमा, जरा तुमचं ते बोलून दाखव." मी दोनदा बोलूनही दाखवलं. आज त्याची शिसारी येते, त्यांच्यापेक्षा माझी जास्त.

आता मुद्द्याचं. जानेवारीअखेर माझी तारीख होती. सरकारी हेल्थ कार्ड मिळालं की बाळंतपणाला पैसा लागत नाही, पण ते नव्या माणसाला तीन महिने इथे राहिल्यावर मिळतं. आणि राहता, हे कागदावर दाखवावं लागतं. कार्ड नसेल तर हॉस्पिटलचं बिल आपलं. नंदनने हॉस्पिटलला फोन करून आकडा विचारला आणि तो ऐकून पलंगावर बसला. आमच्याकडे तेवढे नव्हते, त्याच्या अर्धेही नव्हते. सिझेरियन झालं तर किती, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

नोव्हेंबरात कार्डाच्या ऑफिसात गेले. खिडकीवरची बाई चांगली होती. म्हणाली, नाव आणि पत्ता असलेला एक कागद आण. भाडेकरार, बिल, बँकेचं पत्र, घरमालकाची सही असलेली चिठ्ठी, काहीही चालेल. बँकेच्या वहीत तर जुनाच पत्ता होता. म्हणजे एक चिठ्ठी, एवढंच.

काकांना सांगितलं. ते दोन आठवडे बघतो, बघतो म्हणत राहिले. डिसेंबर उजाडला. नंदनने भाडं दिलं, काकांनी या खेपेला लिफाफा तसाच खिशात घातला, आणि शेवटी एक दुसरं पाकीट हातात ठेवलं. नवंकोरं, चिकटवलेलं, वरून सेलोटेपही लावलेला. "घ्या, तुमचं काम झालं," म्हणाले. मी तिथेच त्यांच्या पाया पडले. आठव्या महिन्यात वाकता येत नाही, तरी पडले.

आमच्यात वडीलधाऱ्यांनी बंद करून दिलेलं पाकीट फोडत नाहीत. आईने तेच शिकवलं, सासूबाईंनीही तेच. दोन बस बदलून, बर्फातून मी ते पाकीट न उघडता त्या खिडकीवर नेलं. बाईने फोडलं, वाचलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझे कान तापले.

"मॅम, तुम्ही इथे व्हिजिटर आहात का?"

"नाही," मी म्हटलं. पक्क्या रहिवाशाचं पीआर कार्ड काढून दाखवलं.

तिने कागद फिरवून माझ्यापुढे धरला. काकांचं अक्षर फार सुंदर. इंग्रजीत लिहिलं होतं की हे दांपत्य आमचे भारतातून आलेले कौटुंबिक पाहुणे असून काही दिवस आमच्याकडे मुक्कामाला आहेत, त्यांच्याकडून आम्ही कोणतंही भाडं घेत नाही. खाली सही.

पाहुणे. दिवाळीत ज्या शब्दाने मला भरून आलं होतं, तो शब्द. बेसमेंट भाड्याने द्यायची त्यांना परवानगी नव्हती, भाड्यावर टॅक्स भरायचा नव्हता, म्हणून चार महिने आम्ही पाहुणे होतो. खांद्यावरचा तो हात त्यासाठीच होता. खिडकीतली बाई म्हणाली, हा कागद मी घेऊ शकत नाही, दुसरा आण. तिने तो अर्जाला जोडला नाही, एवढे तिचे उपकार.

घरी आले. वर कोणी नव्हतं. काका-काकू दुपारी मॉलमध्ये चालायला जायचे, कारण तिथे फुकट ऊब असते. मी कोट काढला, हात धुतले आणि कढई चुलीवर ठेवली. वाटीभर तेल ओतलं. तेल धुरावलं तशी मोहरी टाकली, हिंग टाकला, लसूण टाकला, आणि आईने दिलेल्या भिवापुरी मिरच्या न मोजता टाकल्या. चार महिन्यांची फोडणी एकदम दिली. चर्र झालं आणि तो वास छातीत भरून मी ठसकले आणि रडले, आणि खरं सांगते, मला खूप बरं वाटलं.

मग वरच्या मजल्यावर भोंगा वाजायला लागला. खाली भोंगा नव्हताच, खाली धूर ओळखायला कोणी काही लावलंच नव्हतं. काकूंच्या चोरांच्या भीतीपायी वरचा भोंगा कुठल्याशा कंपनीला जोडलेला होता, तिने परस्पर बंब बोलावला. काका-काकू हातात कॉफीचे कागदी कप घेऊन परतले तेव्हा दारात लाल बंब उभा होता आणि बूट घातलेले तीन दांडगे गोरे पुरुष त्यांच्या पांढऱ्या कार्पेटवरून चालत होते. त्यांच्यातला मोठा खाली आला. कढई पाहिली. चूल पाहिली, माणूस बाहेर निघणार नाही एवढीशी खिडकी पाहिली, आणि भिंतीवर हात ठेवून बुरशीही पाहिली.

"इथे कोण झोपतं?" त्याने विचारलं.

"आमचे पाहुणे," काकू जिन्यावरूनच इंग्रजीत म्हणाल्या.

त्याने वहीत काहीतरी टिपलं. उद्या सकाळी दहाला इन्स्पेक्टर येईल, एवढं सांगून गेला.

त्या संध्याकाळी काका खाली आले. प्रथमच खुर्चीवर बसले. आवाज चढवला नाही, पुणेरी माणसं चढवत नाहीत. "नंदनराव, उद्या एवढंच म्हणायचं की तुम्ही पाहुणे आहात. भाड्याचा उल्लेख नको. नाहीतर हे बंद करतील आणि भर डिसेंबरात तुम्हीच रस्त्यावर याल. उमाची ही अवस्था. मी तुमच्याच काळजीने सांगतोय."

ते गेल्यावर नंदन म्हणाला, "त्यांचं चूक नाही, उमा. घर गेलं तर कुठे जाऊ? कागदाचं आपण दुसरं काही तरी बघू."

"काय बघशील?"

तो उठून पहाटेचा गजर लावायला लागला. मला त्याची दयाही आली आणि किळसही, त्या टिश्यूच्या जॅकेटसकट. सकाळी तो गोदामात गेला.

दहाला इन्स्पेक्टर आला. म्हातारासा, चष्मेवाला माणूस, हातात फळी आणि तिला लावलेला फॉर्म. काकूंनी त्याला चहा विचारला. इकडे चार महिन्यांत मला विचारला नव्हता. काका माझ्या शेजारी उभे राहिले आणि मराठीत, हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "सांग बेटा, पाहुणे आहोत म्हणून."

पोर आतून लाथ मारून राहिलं होतं. मी काकांकडे पाहिलं नाही, काकूंकडे पाहिलं. म्हटलं, "पाहुणे नाही काकू. आम्ही इथे राहून राहिलो."

या खेपेला त्यांनी तोंडाला पदर लावला नाही.

मग इन्स्पेक्टरला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बारा सप्टेंबरपासून. साडेसातशे डॉलर, रोख. दोघंजण, लवकरच तिसरं. नावांची स्पेलिंगं एकेक अक्षर सांगितली. तो लिहीत होता. लिहून झाल्यावर मी म्हटलं, सर, यावर पत्ता पण लिहा, आणि मला एक प्रत द्या. त्याने चष्म्यावरून पाहिलं, खालचा पिवळा कागद फाडला आणि माझ्या हातात दिला. त्यावर छापलं होतं, तळघरात राहणाऱ्यांची नावं, आणि पुढे आमची नावं.

सोमवारी तोच कागद मी खिडकीवर दिला. तीच बाई होती. तिने नाव वाचलं, पत्ता वाचला, तारीख वाचली आणि शिक्का मारला. मी तिथल्या बाकावर पाच मिनिटं ऊब घेत बसले, मग बस पकडली.

बेसमेंट बंद करायचा हुकूम निघालाच. काकांचं खरं ठरलं. नंदनने गोदामातल्या एका पंजाबी माणसाच्या ओळखीने सातव्या मजल्यावर एक खोली मिळवली. भाडं जास्त होतं आणि लिफ्टमध्ये कुत्र्याच्या मुताचा वास यायचा, पण भाडेकरारावर चार पानं होती. वीस डिसेंबरला आमच्या दोन बॅगा दाराशी आल्या. जॅकेट नंदनने खुंटीलाच ठेवला. महिन्याचं भाडं एक तारखेलाच गेलेलं होतं.

काकू ताट घेऊन खाली आल्या. हळद-कुंकू, तांदूळ, खण, नारळ. डोळे पाण्याने भरलेले. "आठव्या महिन्यातली बाई घरातून रिकामी जाऊ नये गं, आम्हाला पाप लागेल. पदर पुढे कर."

म्हणजे पाप त्यांना लागू नये म्हणून. मी सलवार-कमीज घातला होता, तरी ओढणीचा पदर पुढे केला.

"नारळ नको काकू," मी म्हटलं. "चार महिन्यांच्या पावत्या घाला."

त्यांचा हात तांदळात तसाच राहिला. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. काका दोन पायऱ्या उतरले, खिशातून लिफाफा काढला आणि नंदनच्या हातात दिला. माझ्या मनात आलं, असतील, माणसंच आहेत शेवटी, पावत्या असतील, नाहीतर उरलेल्या दिवसांचे पैसे तरी. नंदनने उघडून पाहिलं. रिकामा होता.

"डिसेंबरचा परत द्यायचा राहिला होता," काका म्हणाले. "तुमचाच आहे."

नंदनच्या हातातून मी तो घेतला. चार महिन्यांत त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या. मी तो काकूंच्या ताटात, नारळाला टेकवून ठेवला.

"राहू द्या काकू," म्हटलं. "पुढच्या पाहुण्यांना होईल."