न्हाणीच्या दाराशी ठेवलेला बूट

मी कॅनव्हासचा एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. मित्रांनो, माझी सगळी हकिकत १९८६ सालची. लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. निलंग्याची म्हातारी माणसं कचेरीच्या कामाला निघाली की अजून सवयीनं उस्मानाबादच्याच बसमध्ये जाऊन बसत. नवी कचेरी, नव्या पाट्या, नव्या जिल्ह्याच्या नव्या शर्यती, सगळं आलं होतं. पाऊस तेवढा दोन वर्षं आला नव्हता.

मी कुठल्या गावच्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. लातूरच्या गंजगोलाईतल्या एका दुकानात मी आणि माझा डावा भाऊ खोक्यात पडून होतो. महादेवप्पा निलंग्याहून दुकानाचा माल न्यायला आले होते. पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांनी आम्हांला उलटसुलट करून पाहिलं आणि एक नंबर मोठाच जोड उचलला. "मोठाच बरा, आत पाय मोकळा राहतो," असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं. घरी त्यांच्या बायकोनं, गंगम्मानं, आमच्या टोकात जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. मग आम्ही शिवकन्येच्या पायांत बसलो.

शिवकन्या त्यांची एकुलती मुलगी. वय वीस. शाळेत असल्यापासून तिला पळायचा नाद होता. पहाटे उजाडता उजाडता ती ओढणी कमरेला बांधायची आणि औराद शहाजानीच्या रस्त्यानं सुटायची. शेजारची कमलम्मा दारात उभी राहून विचारायची, "महादेवप्पा, पोरगी कुणाच्या मागं पळून राहिली?"

"मागं कशाला? सगळ्यांच्या पुढं पळते ती," महादेवप्पा म्हणायचे. पण घरात आल्यावर त्यांचा चेहरा उतरलेला असायचा.

सव्वीस जानेवारीला निलंग्यात तालुक्याची शर्यत झाली. सतरा मुली होत्या, बहुतेक अनवाणी. शिवकन्या पहिली आली. पुढं देवणीच्या जनावरांच्या बाजारात मुलींची शर्यत ठेवली होती. वळूंचं प्रदर्शन संपल्यावर त्याच मैदानात पळायचं होतं. खुरांनी उकरलेल्या मातीत मी दोनदा घोट्यापर्यंत रुतलो. गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "कालवड चांगली हाय, दात बघा." शिवकन्येला पळता पळता हसू आलं आणि ती तिसरी आली. त्या दिवशी महादेवप्पांनी ते बोलणं ऐकलं होतं. घरी येऊन ते म्हणाले, "एकच शर्यत आता. लातूरला जिल्ह्यात पहिली आलीस तर नांदेडला खेळाच्या कॉलेजात घालतो. न्हाई आलीस तर बूट माळ्यावर."

"हाव," शिवकन्या म्हणाली.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. चामड्याचं असो की कापडाचं, पायताण घरात न्यायचं नाही, असा त्या घरचा नियम होता. त्यामुळे आमची जागा परसात, न्हाणीच्या दाराशी होती. म्हणून घरातल्या कुणाला जे कळलं नाही ते मला कळलं.

त्या घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग असे, चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्यानं बांधलेलं. सकाळी आंघोळ करायची, लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच घास तोंडात घालायचा. आंघोळ नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर जेवण नाही. आणि पाण्याचा टँकर येई तीन दिवसांतून एकदा. रोज आंघोळीसाठी दोनच बादल्या निघत. एक महादेवप्पांची, कारण दुकानावर पारोसं बसायचं कसं? दुसरी मायलेकींत निम्मी निम्मी.

शिवकन्या धुळीनं आणि घामानं माखून येई. निम्म्या बादलीत तिचे केससुद्धा धुऊन निघत नसत. मार्च लागला तसं मी एक पाहू लागलो. शिवकन्या परतायच्या थोडं आधी गंगम्मा न्हाणीत जाई. रिकामा तांब्या बादलीच्या काठावर दोनदा वाजवी. पदराचं टोक भिजवी, कपाळावरच्या बटांना ओला हात लावी आणि बाहेर येई. लेक आली की म्हणे, "माझं झालं. बादली घे तू सगळी."

"पूजा?"

"झाली की पहाटेच."

पूजा झालेली नसे. टँकरच्या दिवशी चार तांबे जास्त मिळत. त्या दिवशी ती खरी आंघोळ करी, खरी पूजा करी आणि जेवी. मधले दोन दिवस चहाच्या घोटावर काढी. चहाला अन्न म्हणत नाहीत, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. "मी मागाहून बसते," असं सांगून ती बाप-लेकीला वाढी आणि आपल्या वाटणीची भाकरी कमलम्माच्या म्हशीला घाली. तीन आठवडे हे चाललं. चुलीजवळून उठताना ती भिंत धरू लागली. मला दिसत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

माझीही गत बरी नव्हती. जिथं माणसाला पाणी नाही तिथं बूट कोण धुणार? घाम आत वाळून त्याचं मीठ होई. शिवकन्या वरून खडू घासून मला पांढरा करी. वरून खडू, आतून मीठ. माझे टाके कुजत चालले होते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिघं लातूरला गेली आणि महादेवप्पांच्या धाकट्या बहिणीकडे, नागम्माकडे, उतरली. तिच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई आणि नेमकं ते त्याच पहाटे आलं. गंगम्मा न्हाणीत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. तांब्यावर तांबे ऐकू येत होते. शिवकन्या उंबऱ्यापाशी बसून माझी नाडी बांधत होती. महादेवप्पा चौकात पान आणायला गेले होते.

"वैनी, म्हैस धुतल्यासारखं धुऊन राहिलीस की गं स्वतःला," नागम्मा आतून म्हणाली.

गंगम्माचं उत्तर हळू आलं. "तीन दिसांनी अंगाला पाणी लागलंय बाई."

"तीन दिसांनी? अन् पूजा? जेवण?"

मग गंगम्मानं सगळं सांगितलं. शिवकन्येचे हात माझ्या नाडीवर थांबले.

"येडी हायेस," नागम्मा म्हणाली. "पाणी नसलं की भस्म लावायचं सगळ्या अंगाला, झाली आंघोळ. बहात्तर सालात माझ्या सासूनं वरीसभर तेच केलं. स्वामीनंच सांगितलं होतं. कुणाला तरी इचारायचं."

"इचारलं असतं तर घरात कळलं असतं," गंगम्मा म्हणाली.

शर्यत सात वाजता होती. पाहुणे साडेअकराला आले. तोवर औशाच्या रस्त्याचं डांबर तापून मऊ झालं होतं. बावीस मुली, पाच किलोमीटर. अडीच किलोमीटरवर पाण्याचा पिंप ठेवला होता, त्याला वळसा घालून परत यायचं. पिंपापर्यंत शिवकन्याच पुढं होती. तिच्यामागं उदगीरची उंच उमादेवी.

पिंपापाशी एक कार्यकर्ता येणाऱ्या मुलींच्या डोक्यावर मगानं पाणी फेकत होता. शिवकन्येवर पाणी आलं तेव्हा ती झटकन बाजूला झाली. सगळा मग रस्त्यावर सांडला. ती थांबून त्या ओल्या डांबराकडे बघत राहिली. चार पावलांचा वेळ गेला असेल. उमादेवी पुढं निघून गेली.

शिवकन्या पुन्हा सुटली आणि शंभर पावलांत माझा तळ उघडला. तो त्या डांबराला चिकटला आणि एवढे दिवस मिठानं खाल्लेले टाके तुटले. ती अडखळली, पडता पडता सावरली. तिनं आम्हां दोघांना पायांतून ओढून काढलं, मुठीत धरलं आणि तापल्या रस्त्यावर अनवाणी धावू लागली. जन्मात पहिल्यांदा मी रस्ता वरून पाहत होतो. तिची पावलं भाजत होती आणि मी तिच्या हातात नुसता हेलकावे खात होतो. असली लाज कुठल्या बुटाला आली नसेल.

ती दुसरी आली. मधे हातभर अंतर राहिलं.

पंचांच्या टेबलाशी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "बूट हातात घेऊन पळता येतं का?" दुसरे म्हणाले, "डोक्यावर घेऊन पळाली असती तरी नियमात काही लिहिलेलं न्हाई. दुसरा नंबर लिहा."

शिवकन्या कडुलिंबाखाली बसली. तळव्यांना फोड आले होते. गंगम्मा पदर ओला करून आली, तर तिनं पाय मागं घेतले.

"अव्वा, मी आता पळणार न्हाई."

"का?"

"तू उपाशी राहून राहिलीस. ऐकलं मी सकाळी."

गंगम्मा जवळ बसली. "मग तू घरी बसल्यानं मागचं माझं पोट भरणार हाय का? राहिले ते राहिले उपाशी. आता ते वाया घालू नको."

महादेवप्पा मागं उभे होते. "कोण उपाशी?" त्यांनी विचारलं. नागम्मानं त्यांना बाजूला नेऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा न्हाणीच्या दाराशी होतो. महादेवप्पा आले. त्यांनी आपली बादली भरली, न्हाणीत नेऊन ठेवली आणि तशीच ठेवून बाहेर आले. मग परसात उभं राहून कपाळाला, दंडांना, छातीला भस्म चोळलं आणि पूजेला गेले. पाऊस पडेपर्यंत ते दुकानावर तसेच राखाडी अंगानं बसत होते.

कमलम्मा एकदा म्हणाली, "दुसरीच आली न्हवं पोरगी? मग बूट माळ्यावर का न्हाई गेले?"

"बूट धड असते तर पहिली आली असती," ते म्हणाले. "बूट मीच आणले होते."

जूनमध्ये ते स्वतः नांदेडला जाऊन कॉलेजचा अर्ज घेऊन आले.

शिवकन्या हदगावच्या शाळेत खेळाची बाई झाली. पुढं ती सात शर्यती पळाली आणि एकदाही पहिली आली नाही. उमादेवी पोलिसांत गेली. ती अजून दिवाळीला शिवकन्येला पत्र लिहिते. गंगम्माच्या पोटात त्या उन्हाळ्यात जो जाळ पेटला तो विझला नाही. लातूरच्या डॉक्टरांची औषधं झाली, पण वेळेवर जेवूनही तिला पुन्हा अन्न पचलंच नाही. पाच वर्षांनी ती गेली. महादेवप्पा तिच्यामागं आठ वर्षं जगले. घरात नळ आला तरी त्यांनी अर्ध्या बादलीच्या वर पाणी घेतलं नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात नागम्मा ऐंशी वर्षांची होती आणि रोज अंगाला भस्म लावून पूजेला बसत होती. माझ्या डाव्या भावाला उंदरांनी खाल्लं. मी हदगावच्या घरात एका खिळ्याला लटकतो आहे. माझा तळ कुणी शिवला नाही.

मित्रांनो, धावून आल्यावर बूट धुऊन वाळवत जा. आम्हांला फार पाणी लागत नाही. पण त्याआधी आत जाऊन घरातल्या माणसाला विचारा, जेवलीस का. "मागाहून बसते" असं उत्तर आलं, तर तिथंच बसून राहा आणि तिला तुमच्या डोळ्यांसमोर जेवू द्या.